कपाटातली माझी पुस्तकं

आमच्या गावच्या वाचनालयाचं ऐका. दुष्काळात पाणी निदान टँकरनं यायचं, पुस्तक मात्र मिळायचं नाही. कपाटाची किल्ली अध्यक्षांच्या, म्हणजे सोसायटीच्या चेअरमन आबांच्या कमरेला असायची.

"आबा, माझी बी.ए.ची परीक्षा आलीय. अर्थशास्त्राचं पुस्तक द्या की."

"पोरी, गावाचा ठेवा हाय त्यो. वाचून लई खराब हुतो."

आठवड्यानं उस्मानाबादहून तपासणीचे साहेब आले. वाचक दिसावेत म्हणून आबांनी रजिस्टरात माझ्या नावावर बारा पुस्तकं चढवली होती.

"साहेब, ही आमची सगळ्यात मोठी वाचक."

मी म्हटलं, "हो साहेब. अकरा पुस्तकं आजच परत करते, अर्थशास्त्राचं परीक्षेपर्यंत राहू द्या. आबा, कुलूप काढा, म्हणजे परत करायची पुस्तकं आधी बाहेर घेते."