दाजींचा बसलेला घसा

...आणि वर सगळे मलाच विचारतात, तू तिथे होतीस ना, मग थांबवलं का नाहीस? कुणाला थांबवू, सांगा ना? ताईच्या सासूबाईंना? अहो, तुम्हाला सांगते, आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारतात. आवाज असा, की कोबीच्या ढिगामागे झोपलेला हमाल दचकून उठून बोली लावेल, आणि घरी आले तरी तोच सूर, पाणी हवं असलं तरी पुकारूनच मागणार, समोरच्याचं वाक्य म्हणून कधी पुरं होऊ द्यायचे नाहीत... तर असा हा माणूस एका सकाळी उठला आणि घशातून नुसती हवा. फुस्स. पंक्चर झालेल्या ट्यूबसारखी.

झालं, घराला काम मिळालं. सासूबाई मिठाच्या गुळण्या घेऊन हजर, दाजी त्या थुंकतायत तोवर ताईचा आल्याचा रस, तो गिळतायत तोवर समोरचा शिंपी दारातून सांगून गेला की कांदा कापून पायमोज्यात घाला, घसा तळपायातून मोकळा होतो. दाजींनी हात हलवले, डोळे वटारले, तोंड उघडलं. पण नाही म्हणायलासुद्धा आवाज लागतो हो! तोंड उघडलेलं दिसलं, सासूबाईंनी त्यात चमचा घातला.

मग निघाली ती बाटली. सासऱ्यांच्या काळची, तपकिरी, लेबलावर एक मिशाळ गृहस्थ, आणि खाली खोकला, कंबरदुखी, चामखीळ, गळणारे केस, काळवंडलेला चेहरा, सगळ्यावर एकच रामबाण उपाय. फक्त प्यायचं की चोळायचं, नेमका तेवढाच भाग झुरळांनी खाल्लेला. सासूबाई म्हणाल्या, प्यायचं. ताई म्हणाली, चोळायचं. या दोघींचं एकमत झालेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी पाहिलं... अर्धं पाजलं, अर्धं चोळलं. मान लालभडक, मिशी एका बाजूने पिवळी, आवाज होता तिथेच. वरून गरम मिठाची पुरचुंडी, तिच्यावर दोन मफलर. पण नाही म्हणायलासुद्धा आवाज लागतो, काय करतील बिचारे?

मात्र बाजारात त्यांच्या जागेवर दुसरा कुणी पुकारायला उभा राहिलाय असं कळलं, तेव्हा दाजी खिडकीशी जाऊन बसले ते उठेनात. तेव्हा मलाही हसू आलं नाही.

तिथेच माझी भाची स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली. त्यांची एकुलती एक लेक, ऑफिसात टायपिंग करायची. म्हणाली, "बाबा, मला बंदरावर क्रेन चालवायचं काम मिळालंय. तुम्हाला न सांगता शिकले. सांगायला यायचे, पण दर वेळी तुम्हीच बोलत असायचात."

दाजींनी खिडकीत ठेवलेल्या वही-पेन्सिलीकडे हात नेला. तिने तो धरला. "लिहू नका. आधी ऐका."

आणि मग ती बोलत राहिली. ती उंच शिडी, वरची काचेची खोली, चढून चढून तळहातांना कसे घट्टे पडले, खालची माणसं कशी काडेपेटीतल्या काड्यांएवढी दिसतात... दाजी ऐकत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाला ऐकता येतं हे ताईला त्या दिवशी कळलं. लेकीचं बोलणं संपलं. दाजींनी तिचे हात उलटेपालटे करून पाहिले, आणि मान डोलावली. सासूबाई घाईने म्हणाल्या, मफलरच्या ओझ्याने वाकली असेल. तर दाजींनी ते दोन्ही मफलर काढून ठेवले आणि पुन्हा डोलावली. नाही म्हणायला आवाज लागतो... हो म्हणायला नाही लागत.

आवाज परत आला तो लेक बंदरावर कामाला निघाली त्याच दिवशी, एसटी स्टँडवर. सासूबाई म्हणतात बाटलीने आला, ताई म्हणते आल्याने, शिंपी कांद्याचं नाव घेतो. कशानेही असो, दाजींनी लेकीला एवढ्या सूचना दिल्या की ती बस सुटली, तिला पुढच्या बसने जावं लागलं.

आता रोज जेवणाच्या सुट्टीत तिला फोन करतात. तिची सुट्टी संपते, यांचं संपत नाही. परवा पोरीने मला फोन केला, अगदी हळू आवाजात. म्हणाली, "मावशी, बाबांचा घसा जरा बसेल, असं एखादं घरगुती औषध आहे का गं?"

काय सांगू तिला? एवढे उपाय तोंडपाठ असलेलं आमचं घर... आणि नेमका तेवढाच कुणाला येत नाही.