राईतली धवळी

ऐका. ती पेटती चूड जरा खाली करा, आणि मधे कोणी बोलू नका.

वरच्या वाडीत ठमाबाई म्हणून सुईण होती. तिची लेक चिमी डोंगरापलीकडं दिलेली. एकदा दिवस बुडाल्यावर निरोप आला, चिमीला कळा लागल्यात, मूल आडवं आहे. वळसा घालून जावं तर उजाडणार. जवळची वाट देवराईतून.

दीर म्हणाला, "वयनी, राईतनं नगं. खाली धवळी हाय."

"मूल थांबत न्हाई, भावजी," म्हणाली, आणि निघाली.

आता धवळी म्हणजे काय? पावसात अळंबी उगवते ना, ती नुसती वरची फुलं. खाली पांढऱ्या तंतूंचं जाळं. सगळ्या राईखाली पसरलेलं, एकच अंग. आणि त्याला भूक.

ठमाबाई आत शिरली तशी कुजकी लाकडं हिरवी उजळली. वाट दिसायला लागली. ती चालली, चालली, आणि एका पडलेल्या हिरड्याच्या झाडाशी आली. पुन्हा चालली. पुन्हा तोच हिरडा. तिनं ओळखलं, हा उजेडच आपल्याला फिरवतोय. उजेडाकडं पाठ केली आणि काळोखात घुसली.

तशी पायाखालून हाक आली. "ठमे, दमलीस. टेक जरा." मेलेल्या नवऱ्याचा आवाज. मधला खोकलासुद्धा त्याचाच. तिचे डोळे भरले, पण पाय थांबले नाहीत.

"आता तरी मला कामाला जाऊ द्या," म्हणाली.

मग आली दुसरी हाक. "आये, मी हितंच हाय. मूल झालं. वाकून बघ."

चिमीचाच आवाज, बरं का. ठमाबाई थांबली. वाकलीसुद्धा. अन् वाकता वाकता म्हणाली, "झालं म्हणतीस, मग रडत का न्हाई?"

खालून एक मूल रडलं. मग दुसरं. मग सगळी राई रडायला लागली.

तिनं पाय उचलला, उचलेना. घोट्यापर्यंत पांढरे तंतू चढलेले, ओले, गार. कमरेचा विळा काढून तिनं सपासप कापले. कातडी सोलवटली, तरी कापले. ओढ्याचा आवाज येत होता तिकडं धावली आणि पाण्यात उतरली. वाहत्या पाण्यात, उघड्या कातळावर धवळीचं काही चालत नाही. ओढ्यातूनच ती चिमीच्या गावात पोचली.

रक्ताळल्या पायांनी बसली, लेकीच्या पोटावरून हात फिरवत मूल वळवलं, मोकळं केलं. मुलगी झाली. खणखणीत रडली. घरातले सगळे हसले.

ठमाबाईनं मात्र आधी जमिनीला कान लावून बघितला.

म्हणून सांगतो, लांबची वाट धरा. अगदी घाई असली तरी. राईत तुमचं माणूस तुम्हाला हाका मारेल. तिथं तुमचं माणूस नसतं.