तिसऱ्या दिवसाची काव

हॅलो? … कोण? … मोठ्यानं बोल गं, दोन्ही हात मातीत आहेत, फोन खांद्यावर अडकवलाय… कोण, कनगा? वडिवूची सून?

हो, हो… आहे लक्षात. आज तिसरा दिवस. लिहायची लाल काव उगाळून ठेवलीय, कोंबडीचं पीसही धुऊन वाळवलंय. ऊन चढायच्या आत आण सासूला. कपाळावरच्या पुरळावर शेवटच्या सिंहाचं चित्र लिहिलं की नागीण उतरलीच…

थांब हं जरा. अहो! बकरी आली, ते ओलं मडकं उचला! डावीकडे… अहो डावीकडे! मान वळवा! … झालं. दिला पाय तिनं. … काही नाही गं, आमचे हे. तू बोल.

दुखणं उतरत नाही म्हणजे? … शनिवारपेक्षा जास्त? … पदर लागला तरी ओरडतात? बरं… आणि गोळ्या चालू आहेत ना? अगं गोळ्या! मदुरैच्या डॉक्टरनं दिलेल्या. तूच पाकीट दाखवलंस की मला. दिवसातून पाच वेळा म्हणालीस…

नाही घेतल्या?

एकही? … शनिवारी सकाळी एक. आणि मग? … कोण म्हणालं? … मी?

मी कधी म्हणाले! … ऐक, ऐक कनगा… मी म्हणाले लिहिलेलं पुसू नका, सुकी मासळी खाऊ नका. एवढंच. गोळी बंद करा असं माझ्या तोंडून… हो, जुनी माणसं म्हणायची तसं. लिहिणं चालू असताना औषध घेतलं की नागीण चिडते. माझी सासूसुद्धा म्हणायची. मी नाही म्हणत! अकरा वर्षं झाली, मी नाही म्हणत!

रडू नकोस. … अगं रडू नकोस म्हणते ना. पुरळ उठलं कधी, नेमकं सांग. … शुक्रवारी दिवेलागणीला. शनिवार, रविवार… म्हणजे आज संध्याकाळी तीन दिवस होतात. आणि डॉक्टर काय म्हणाला होता? … तेच. तीन दिवसांच्या आत चालू केली तर चांगली. मग बसलात काय घरात!

काय? … नको! नको नको नको… चुकलेल्या सगळ्या एकदम नको! ही कसली भरपाई? मूठभर गोळ्या हातात घेऊन बसलीस? ठेव. पाकिटात ठेव आधी. … ठेवल्यास? … हं.

आता मला सांग, वडिवूचे पाय सुजायचे, दोन वर्षांमागं, मूत्रपिंडाचं काहीतरी निघालं होतं ना? ते सांगितलं होतंस डॉक्टरला? … त्यानं विचारलं नाही म्हणून तू सांगितलं नाहीस. वा गं शहाणे! मूत्रपिंड अधू असेल तर ह्या गोळीचं माप बदलतं. हो, तीच गोळी कमी द्यावी लागते. … मला कसं ठाऊक? ठाऊक आहे. ह्यांना घेतल्या होत्या तेव्हा औषधवाल्यानं दोनदा बजावलं होतं. पाणी पितेय का ती? … गुडघे दुखतात म्हणून उठायला नको, आणि उठायला नको म्हणून पाणी नको. छान! ती गोळी पाण्यावाचून घ्यायची नसते, बाई. किती प्यायचं तेही डॉक्टरलाच विचार, तिच्या पायांची सूज सांगून.

आणि पुरळ कुठवर आलंय? … कावेखाली दिसत नाही? मग पूस. … हो, पूस! मी लिहिलंय ना, मीच सांगते पूस. स्वच्छ ओल्या फडक्यानं, हळू, घासू नकोस. … थांबते मी. …

हं. … कपाळ, भुवई. … आणि? … नाकाच्या शेंड्यावर?

फोड आहे की नुसता डाग? … नीट बघ. … आणि डोळा? … लाल. पाणी गळतंय. …

कनगा, सासूला दे फोन.

वडिवू? मी पेच्चियम्माळ. … नाही. नाही लिहिणार. … आज नाही, उद्या नाही. विड्याची पानं, दक्षिणा काही आणू नकोस. … राग कोणाचा यायचाय तो माझ्यावर येऊ दे. … अगं बाई, तुला मी खोटी वाटते का? ऐक.

अकरा वर्षांमागं आमच्या ह्यांच्या कपाळावर मीच लिहिलं होतं. तुझ्यासारखंच, कपाळापासून भुवईपर्यंत. नाकावर फोड आला तर त्याच्यावरही लिहिलं. काय सुबक उतरला होता सिंह! शेजारणी बघायला आल्या. डॉक्टरचं पाकीट मी देवापुढं ठेवून दिलं होतं, लिहिणं संपलं की देऊ म्हणून. आठव्या दिवशी काव धुतली. … गोळ्या मग दिल्या. दिल्या की! सगळ्या दिल्या. … आत्ता बकरीनं मडकं फोडलं ते ऐकलंस ना? ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती, डावीकडे, वडिवू. त्यांना दिसलीच नाही.

… वडिवू? …

हं. जाशील ना? … आत्ताच. जेवण नको, न्हाणं नको, लुगडं आहे तेच. डोळ्याचा डॉक्टर असेल तिथं, थेट मदुरैला. गोळ्यांचं पाकीट बरोबर घे आणि पाय सुजायचे तेव्हाचे कागद घे. आधी तेच दाखव. डॉक्टर सांगेल तेवढीच गोळी, सांगेल त्या वेळेला, आणि बरं वाटलं तरी शेवटपर्यंत. … एकटी नाही गं, मी येते. हात धुते आणि रिक्षा घेऊन दारात येते. … पीस? नाही, पीस नाही आणत. … ठेव आता. ठेव म्हणते ना!

अहो… ती कावेची वाटी ओता उकिरड्यावर. … सगळी. मी मदुरैला चाललेय. … दचकू नका, मीच आहे. तुमच्या डावीकडे.