रोमचे चार दिवस

माझं नाव पास्कू, जन्म ठान्याचा, तळ्याकडून खाडीकडं जाताना आमची किरिस्तावांची आळी लागते तिथला, आनि धंदा म्हनाल तर रेशमाचा, बाप विनकर, आजा विनकर, त्याच्या आधीचं कोनाला ठाऊक. मास्तर, तुमाला आज पटायचं नाय, पन एके काळी आमच्या आळीतून सकाळी चाललं की घराघरातून मागाची खटखट ऐकू यायची, आनि ठान्याचं रेशीम न्यायला मुंबईचे शेट मुद्दाम मानूस पाठवायचे. मग विलायती कापड आलं, स्वस्त, चकचकीत, नि एकेक माग बंद पडत गेला. कोन रेल्वेत गेलं, कोन मुंबईला गिरनीत, कोन कोपरीला मिठागरावर आगऱ्यांच्या जोडीनं टोपल्या उचलायला लागलं. माझा माग राहिला तो देवळामुळं. आमी चर्चला देऊळच म्हनतो, बापजाद्यांपासून तसंच म्हनतो. तर पादरीबाबांची पूजेची वस्त्रं, वेदीवरचं कापड, हे मी विनायचो, आनि तेवढ्यावर आमचं दोघांचं भागायचं.

दोघं म्हंजे मी नि माझी बायको रेजिन. पोरं दोन झाली, राहिली नायत, ते सोडा. रेजिन मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, रंगलेलं सूत उन्हात घालायची, हात तिचा फार हलका. पन बोलनं म्हनाल तर आमच्या घरात नव्हतं. भांडन होतं असं नाय, भांडनसुद्धा नव्हतं. माग चालू असला की बोलता येत नाय, आनि बंद असला की काय बोलायचं ते सुचत नाय. जेवलास का, जेवलो. पानी भरलं का, भरलं. अशी बारा-तेरा वर्षं गेली असतील.

आता रोमचं सांगतो. आमचे पादरी तिकडचेच, इटलीतले, तरनेपनी इकडं आलेले, मराठी आमच्यासारखीच बोलायचे, आमचं सुकट नि भात खायचे. म्हातारे झाले, नजर गेली, समोरचा मानूस आवाजावरून ओळखायचे. तर मोठ्या बिशपांकडून त्यांना हुकूम आला की आता तुमी गावी जा, बहिनीकडं राहा, विश्रांती घ्या. एकट्यानं जानं जमायचं नाय, म्हनून सोबत एक मानूस न्यायची परवानगी आली, भाडं देवळाचं. एका रविवारी मला बोलावलं नि म्हनाले, पास्कू, तू येतोस का. बोट नापोलीला लागते, तिथून आगगाडीनं रोमला जाऊ, रोममध्ये चार दिवस राहू, मी तुला सगळं दाखवतो, दाखवतो म्हंजे तू बघ नि मला सांग. मग माझा भाचा येऊन मला गावी नेईल, नि तू त्याच बोटीनं माघारी ये, इकडं येनारे दुसरे एक पादरी आहेत त्यांच्या सोबतीनं.

मी घरी आलो नि रेजिनला सांगितलं. मला वाटलं घाबरेल, समुद्र, परका मुलूख. ती कांडी भरत होती. हात थांबवला नाय, पन म्हनाली, चार दिवसांत काय काय बघून होईल रे. काय सांगू तुमाला, लग्नाला एवढी वर्षं झालेली, पन तिनं मला विचारलेला तो पहिला प्रश्न असा होता की ज्याचं उत्तर मला लगेच देता येईना.

बोट होती पावसाळ्यानंतरची, आनि हे झालं नाताळ सरल्यावर. म्हंजे मधे सगळा उन्हाळा नि सगळा पावसाळा. तेवढे महिने आमच्या घरात रोमशिवाय दुसरं बोलनं नव्हतं. रेजिन संध्याकाळी देवळात जायची, पादरीबाबा अंगनात खुर्चीवर बसलेले असायचे, त्यांना विचारून यायची. ते काठीनं वाळूत काढून दाखवायचे, ही नदी, हे सेंत पेद्रूचं मोठं देऊळ, हे जुनं गोल मैदान जिथं आपल्या लोकांना वाघ-सिंहांपुढं टाकलं. स्वतःला दिसत नव्हतं तरी काठी बरोबर चालायची. आनि घरी आल्यावर रेजिन तेच चुलीपुढं राखेत काढायची, नि मला म्हनायची, आता सांग, नदी ओलांडून उजवीकडं का डावीकडं. मी चुकायचो. ती हसायची. तिला दात दाखवून हसताना मी तोवर फार बघितलं नव्हतं.

चार दिवसांची वाटनी तिनंच केली. पहिला दिवस मोठ्या देवळाचा, तिथं सेंत पेद्रूच्या पुतळ्याच्या पायाला हात लावायचा नि आपल्या गेलेल्या दोन पोरांची नावं घ्यायची. दुसरा दिवस जमिनीखालच्या बोगद्यांचा, जिथं जुने किरिस्ताव पुरलेत. तिथं गार असतं म्हनून डगला घालायचा, विसरायचा नाय. तिसरा त्या गोल मैदानाचा. आनि चौथा दिवस म्हनाली माझा. मी म्हटलं तुझा म्हंजे. म्हनाली, चौथ्या दिवशी कुठं जायचं नाय, बाजारात एका जागी बसायचं नि बायका बघायच्या. डोकीवर काय घेतात, रेशीम नेसतात का, त्यांच्या कापडाचा बाना, आडवा धागा, आपल्यासारखा घट्ट असतो का सैल, भाव करताना ओरडतात का, मासळी कशी निवडतात. ते सगळं बघायचं नि येऊन मला सांगायचं, मोठं देऊळ तर पादरीबाबा मला रोजच सांगतात.

मी एकदा म्हटलं, तूच जा की माझ्या जागी. म्हनाली, बायकांना नेत असते तर तुला कशाला विचारलं असतं मी. हसतच म्हनाली नि पुन्हा कांडी हातात घेतली.

बूट आनले जुने, रेल्वेतल्या एकाचे. ते घालून मी आळीतून चालायची सवय करायचो नि लोकं दारात येऊन बघायची, पास्कू रोमला चालला. रेजिननं डगला शिवला, सुके बोंबील भाजून डब्यात भरले, लोनचं घातलं. आनि दिवसभर बोलनं चालू. कोळनीशी काय बोलली, आईकडं लहानपनी काय झालं, पहिलं पोर गेलं तेव्हा तिला काय वाटलं, ते सुद्धा तिनं मला त्याच पावसाळ्यात सांगितलं, त्याआधी कधी नाय. मी माग थांबवून ऐकायचो. काम मागं पडायचं. पडू दे.

निघायला चार-पाच दिवस राहिले नि रेजिनला हिवताप आला. आमच्याकडं खाडीच्या काठाला तो नवा नाय, येतो नि जातो, पन हा जोराचा आला. चार गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे. पादरीबाबा काठी टेकत आले, तिच्या कपाळावर हात ठेवला. ती मात्र मला सारखी एकच म्हनायची, तू जा, मला काय होत नाय, शेजारची इनास बघेल माझं, तू जा. निघायच्या दिवशी सकाळी मला ओळखलंन का नाय कोन जाने, पानी मागितलं नि आपल्या मेलेल्या आईला हाक मारली.

तरी मी निघालो. बूट घातले, डगला घातला, पादरीबाबांची पेटी डोक्यावर नि माझं गाठोडं हातात. टेशनात मुंबईची गाडी आली. पादरीबाबांना हात धरून डब्यात बसवलं, पेटी त्यांच्या पायाशी सरकवली. ते म्हनाले, पास्कू, चढलास का. मी खालीच उभा. मी म्हटलं, बाबा, तिनं आईला हाक मारली हो. एवढंच म्हटलं. ते समजले. खिडकीतून हात बाहेर काढून माझं डोकं शोधलं, त्यावर ठेवला, म्हनाले, जा, घरी जा, मुंबईला मला कोनीतरी मिळेल. गाडी गेली.

मी धावत घरी आलो. रेजिन जागी होती, ताप उतरलेला, घामानं भिजलेली. मला दारात बघितलं, बुटांसकट, गाठोड्यासकट. म्हनाली, तू कशाला आलास. मी म्हटलं, तुला सोडून कसा जाऊ. तिनं भिंतीकडं तोंड केलं. म्हनाली, मेले असते तर बरं झालं असतं, मग तरी गेला असतास.

आठवड्याभरात उठली, पंधरवड्यात पानी भरायला लागली. मी म्हटलं चला, देवानं वाचवली. पन मास्तर, ती बोलायची बंद झाली हो. म्हंजे जेवलास का, जेवलो, तेवढं होतंच. रोमचं नाव मात्र घरात कोनी काढायचं नाय. मी काढीन तर तिला वाटनार मी टोचतोय, ती काढेल तर मला वाटनार ती मला दोष देते. तिला वाटायचं तिच्यामुळं माझं रोम गेलं. मला ते कधी गेलं असं वाटलंच नाय. मला रोम कुठं बघायचं होतं, मला तिचं बोलनं ऐकायचं होतं. पन हे तिला सांगायला पाहिजे होतं ते मी सांगितलं नाय, आज सांगू, उद्या सांगू, आनि जितके दिवस गेले तितकं ते जड होत गेलं. पुढच्या वर्षी निरोप आला की पादरीबाबा आपल्या गावी शांतपने वारले. शेवटी ठान्याची आठवन काढायचे म्हने, रेजिन बरी झाली का विचारायचे. ऐकून ती आत गेली, चूल पेटवली, नि मी माग चालू केला.

अशी पुढं किती तरी वर्षं आमी राहिलो, चांगले राहिलो, एकमेकाला दुखवलं नाय. मग आता ही गाठीची साथ आली, पलेग म्हनतात ती. ठान्यात घरं ओस पडली, लोकं मानपाड्याकडं नि कुठं कुठं रानात झोपड्या बांधून राहिली. आमी पन गेलो. तिला गाठ आली ती झोपडीतच. मी जवळ बसलो नि म्हटलं आता सांगून टाकावं. म्हटलं, रेजिन, तो पावसाळा आठवतो का, तेव्हासारखा सुखात मी कधी नव्हतो. तिनं माझ्याकडं बघितलं. ऐकलंन का नाय, मला कळलं नाय. दुसऱ्या दिवशी गेली.

आता इथं कल्यानला तिच्या भाचीकडं राहतो. जावई रेल्वेत हाय, चांगला मानूस हाय, मला खायला काय कमी नाय. माग विकला, डोळ्यांनी सूत दिसत नाय, आता त्याचा काय उपयोग. दिवसभर ओट्यावर बसतो, येनारा-जानारा बघतो, कोन थांबलं तर बोलतो, तुमच्याशी बोललो तसा. आता मला बोलायला लागलं की थांबता येत नाय, भाची हसते, म्हनते मामा पूर्वी असे नव्हते.

पुष्कळ वेळ झाला, दिवेलागन झाली बघा. तुमी निघा आता, मास्तर. मघाशी म्हनालात, घरी मंडळी वाट बघत असतील. मग बसू नका इथं माझ्यापाशी, देव तुमचं नि त्यांचं बरं करो, आनि सावकाश जा, पन जा.