वांग्यात सोडे होते की नव्हते

...आणि वर विचारतात, "मजा आली ना?" आली की! तुम्हाला सांगते, खूप मजा आली. आमच्या वर्गातल्या श्रद्धाचे आईबाबा दोन दिवस केळशीला लग्नाला गेलेले, फ्लॅट मोकळा, भलामोठा टीव्ही, आणि बोलावलं कोणाला? दिशाला, आणि मला! मला, जिला अख्खी नववी 'मुकी' म्हणते! मला कधी कोणी साधं पाणीपुरीला नेलं नाही, त्यामुळे मी इतकी हरखले, की आपल्याला का बोलावलं हा प्रश्न पडायला हवा होता, तोच पडला नाही.

शनिवार होता. आमच्याकडे शनिवारी मासे नाहीत, मटण नाही, अंडंसुद्धा नाही. पप्पा जहाजावर असतात ना... ते सुखरूप घरी येईपर्यंत आईने आणि मी शनिवार धरलेत, मारुतीला तसं बोललोय. हे श्रद्धाला माहीत होतं. मीच सांगितलं होतं, विश्वासाने! ती म्हणाली, "अगं ज्ञानू, टेन्शन काय घेतेस, तुझ्यासाठी वेगळी वांग्याची भाजी करते." वेगळी! माझ्यासाठी! मला भरून आलं हो.

दुपारी पडदे ओढले, भुताचा पिक्चर लावला. काळोख. त्या दोघी तळलेले बांगडे खातायत, घरभर त्याचाच वास, आणि मी वांगी-भाकरी. भूत आलं की दिशा किंचाळायची, पण किंचाळायच्या आधी श्रद्धाकडे बघायची, ती किंचाळतेय का ते. हसायच्या आधीही बघते ती. शिंक आली तरी परवानगी घेत असेल! पण वांगी झकास झाली होती. मी दोनदा घेतली. मजा आली.

ताट चाटूनपुसून झाल्यावर श्रद्धा पिक्चर थांबवते नि म्हणते कशी, अगदी मऊ आवाजात, "ज्ञानू... सोडे कसे लागले गं?"

सोडे! सुकवलेली कोलंबी! वांग्यात! शनिवारी! मी उठले ती थेट बेसिनकडे, चुळा भरतेय, घशात बोटं घालतेय, रडतेय, "पप्पा, पप्पा" करतेय... आणि मागे वळते तर दिशाचा मोबाइल. रेकॉर्डिंग चालू! "अजून एकदा पप्पा म्हण ना!" श्रद्धा सोफ्यावर लोळतेय. पोटभर हसून झाल्यावर म्हणते, "अगं, नव्हते सोडे! गंमत केली!" मी म्हटलं, "खरंच नव्हते?" ती दिशाकडे बघून म्हणाली, "नव्हते... बहुतेक."

बहुतेक! अहो, सोडे बहुतेक असतात का? जहाज बहुतेक बुडत नाही, असं म्हटलेलं चालेल तुम्हाला? पण मी काय केलं? डोळे पुसले, परत जाऊन बसले नि उरलेला पिक्चर बघितला. राहिलेसुद्धा! रविवारी घावणे झाले, ते मीच घातले, त्यामुळे दुसरा पिक्चर मी स्वयंपाकघरातून ऐकला. मजा आली, सांगितलं ना!

संध्याकाळी मी घरी पोचायच्या आधी व्हिडिओ पोचलेला. वर्गाच्या ग्रुपवरून कोणाच्या तरी आईकडे, तिच्याकडून आमच्या आईकडे. मला वाटलं, आई आता श्रद्धाच्या दारात जाऊन तिची बिनपाण्याने करणार. आई म्हणाली, "काय गो, सोडे होते की नव्हते?"

"माहीत नाय."

"माहीत नाय? एवढी वर्षं मासे खाऊन वाढलीस नि तोंडात सोडा आला की वांगा आला, ता कळत नाय तुला?"

ऐका! त्यांनी मला फसवलं, रडवलं, गावभर दाखवलं, त्याचं काही नाही... तिला लाज वाटली माझ्या जिभेची! मग निकाल लागला. "खाल्लेस असाच धरायचा. आता सोमवारपण पाळ." बांगडे खाल्ले त्यांनी, वार वाढला माझा!

आणि मंगळवारी पप्पांचा फोन. आवाज तुटत होता. "अगो... बदली माणूस मिळत नाय... अजून दोन महिने तरी येता येत नाय." आईने फोन ठेवला. नि नुसती माझ्याकडे बघत राहिली हो. तेव्हापासून जेवताना बघते, भांडी घासताना बघते, मी अभ्यासाला बसले की दारात उभी राहून बघते.

काल श्रद्धाचा मेसेज आला. "शनिवारी परत पिक्चर. येशील ना? मजा येईल!"

मी लगेच लिहिलं, येते.

काय करू? तिकडे माझ्याकडे बघून निदान हसतात तरी.