प्रस्थान ठेवलेल्या बॅगा

हरवलेली वाट शोधायला कधी निघालायत का? आम्ही निघालो होतो. कावेरीच्या काठानं पूर्वी लमाणांचे बैल जायचे, ती वाट आता झुडपांत बुडालीय. सॅटेलाइटवर नुसतं हिरवं दिसतं. त्याच्याखाली काय उरलं असेल, या एकाच प्रश्नानं मला आणि समीरला पछाडलं होतं. शेवटी वनखात्याची परवानगी मिळाली, पण शनिवारपासूनची.

जे. पी. नगरात आमच्या खालच्या मजल्यावर राधाक्का राहतात. घराणं कितीतरी पिढ्या बेंगळुरातलंच. त्या म्हणाल्या, "शनिवारी अमावास्या रे! स्वल्प ऐका माझं. गुरुवार चांगलाय, बॅगा तेव्हाच माझ्याकडं आणून ठेवा. प्रस्थान ठेवलं की झालं, मग कधीही निघा."

पुण्याहून आलेला समीर हसायला लागला. मला मात्र कुतूहल वाटलं. सामान दाराबाहेर पडलं की माणूस निघाला, असं खरंच धरतात? मग ठेवल्या बॅगा. तंबू, दोर, परवानगीचा कागद, सगळं त्यातच.

शनिवारी पहाटे खाली गेलो, तर अक्कांच्या दाराला हे भलंमोठं कुलूप. फोन लावला.

"मी कालच शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला लेकीकडं आले," अक्का म्हणाल्या. "कुठवर पोचलात रे?"

"तुमच्या दारापर्यंत. बॅगा आत आहेत, अक्का. उशीर होतोय!"

पलीकडून एकदम ठाम आवाज आला, "सरी, असू दे रे, उशीर कसला? तुम्ही तर गुरुवारीच निघालायत!"