खुणेपासून साठ अंश

— नाही, बसा, बसा म्हणतोय ना, उभ्यानं वाद घालणारी माणसं मला सहन होत नाहीत — आणि ती पुस्तिका अशी माझ्या नाकासमोर नाचवू नका, मीच लिहिलीय ती, पाठ आहे मला. पान चौदा : ‘यंत्राने दिलेला कोन खुणेपासून, फिरण्याच्या उलट दिशेने मोजावा.’ बरोबर? आणि तुमच्या वडिलांनी तसाच मोजला, असं तुमचं म्हणणं. अहो बाई, सगळेच फिटर असं म्हणतात! कागद कारखान्यातला तो दीड मजली पंखा, त्याचं वजन लावलं भलत्याच जागी, थरथर कमी व्हायची ती पावणेदोन पट झाली, बेअरिंगचे तुकडे झाले, कारखाना अकरा दिवस बंद — आणि आज एकतीस वर्षांनी तुम्ही टाइप केलेला कागद घेऊन येता, की ‘चूक फिटरची नव्हती’ यावर मी सही करावी. का? तर वडील ब्याऐंशीचे झाले आणि त्यांना चौकशी अहवालातला तो शेरा पुसलेला बघायचाय. मीही एक्याऐंशीचा आहे. मी कुणाकडे जाऊ?

पाणी घ्या. ग्लास स्वच्छ आहे — मी दोनदा धुतलाय. तीनदा.

आता हे तुम्हाला कितपत कळेल मला शंका आहे, पण ऐका. पंखा एका बाजूला जड असला की थरथरतो, मग दुसरीकडे वजन लावून तोल साधायचा; किती आणि कुठे, ते माझा प्रोग्रॅम सांगायचा. खुणेपासून साठ अंश. साठ अंश कुठल्या बाजूला — हा प्रश्न फक्त अडाण्याला पडतो. अडाण्याला आणि — असो. जगात दोन पंथ आहेत. थरथरीची लाट खुणेच्या मागे पडली की कोन अधिक धरणारे, ते हातात पाना घेऊन हिंडणारे लोक. आणि लाट पुढे असली की अधिक धरणारे, ते आम्ही. सगळं गणित आमच्या बाजूनं आहे. त्यांच्या बाजूनं काय? सवय! तरी प्रोग्रॅमच्या पहिल्या आवृत्तीत मी त्यांच्यासाठी एक वजाचं चिन्ह घातलं होतं, कोन त्यांच्या दिशेनं मोजता यावा म्हणून, पोराला घास भरवावा तसं. तीन वर्षं ते चिन्ह मला दातात अडकलेल्या काडीसारखं सलत होतं. मग एका परिषदेत एक जण उठला — माझ्याहून बारा वर्षांनी लहान, टाय लावलेला — आणि सगळ्यांदेखत त्या ओळीवर बोट ठेवून हसला. हसला हो! घरी आलो, बूटही काढले नाहीत, आणि चिन्ह उडवलं.

काय? कधी म्हणजे? त्याच वर्षी, मार्चमध्ये. बेअरिंग मेमध्ये फुटलं, ते माहितीय मला, सांगू नका. पुस्तिका जानेवारीची. अहो, छपाईला वेळ लागतो, मजकूर बदलणं हे काही माझं काम — म्हणजे माझंच होतं, पण — असं बघू नका माझ्याकडे! मी नंतर पान चौदा सुधारलं असणारच. इतका गाढव नाही मी. चौकशी समितीतले सगळे मिळून ‘गैरसमज’ लिहायला निघाले होते, तेव्हा मीच म्हणालो, गैरसमज हा ढिसाळ शब्द आहे, कुणाचा गैरसमज, कशाबद्दल — ‘निष्काळजीपणा’ लिहा. नेमका शब्द हवा. तो शेरा माझ्याच…

बरं, शब्दांनी काही सिद्ध होत नाही. तो टेबलफॅन पुढे ओढा. जाळी नाही, बोटं सांभाळा. शिकवायला वापरायचो हा मी, तीनातलं एक पातं मागून कानशीनं घासून हलकं केलंय, कुठलं ते मलाही आठवत नाही. दोन पात्यांच्या मधोमध ती पांढरी खूण दिसते? काल तुमचा फोन आला, म्हणून सकाळी जुन्या संगणकावर मोजून ठेवलं — साठ. हा मेणाचा गोळा घ्या. पान चौदा वाचा आणि लावा. मोठ्यानं वाचा. फिरण्याच्या उलट दिशेनं, हं, त्या पात्यावर. दाबा नीट, तुमच्या वडिलांनी दाबला असेल तसा. आता बघा, लोण्यासारखा फिरेल, आणि मग कृपा करून —

लावा बटण.

…नाही, सुरुवातीला असं होतं, वेग धरू द्या. वेग धरला की — टेबल धरा! ग्लास — जाऊ दे ग्लास, बंद करा, अहो बंद करा तो!

…

गोळा काढा. पलीकडच्या पात्यावर लावा. वाचू नका काही. ठेवा ती पुस्तिका खाली. फिरतो त्या दिशेनं साठ — तिथे. लावा बटण.

…

ऐकू येतंय? काहीच ऐकू येत नाहीये ना. एकतीस वर्षं हा फॅन इथे कपाटावर होता, हात वर केला असता तरी मिळाला असता. मी दार तीनदा तपासतो, गॅस चारदा तपासतो. हे नाही तपासलं.

नाही, उद्या येऊ नका. उद्यापर्यंत मला पुन्हा मी बरोबर वाटायला लागेन, मी ओळखतो मला. पेन द्या. तुमच्या मसुद्यात ‘बहुधा’ असं लिहिलंय, तो शब्द खोडतोय. आणि तिसऱ्या ओळीतला आकडा चुकलाय, बारा नव्हे, अकरा दिवस. एवढं साधं लिहिता येत नाही तुम्हाला? …घ्या. वडिलांना सांग — काही सांगू नकोस, कागद दे नुसता.

काचा मी भरेन. निघ आता. फॅन चालू राहू दे.